मांडवातली तालीम

"यापुढे लग्नात वाजवायचं नाही. आपण कलावंत आहोत!" वसईच्या छोट्या वाद्यवृंदाचे नवे संचालक कॉर्नेलियस सर म्हणाले.

रेजिनाचा चेहरा पडला. ती सगळ्यात जुनी व्हायोलिनवादक, आणि शेजारणीला तिच्या नातीच्या लग्नात वाजवायचा शब्द देऊन बसलेली.

रविवारी "श्रोत्यांसमोर तालीम आहे" असं सांगून तिने सरांना थेट मांडवात नेलं. वाद्यवृंद तिथे आधीच वाजवत होता.

"अहो, हे तर लग्न आहे!"

"छे हो सर! श्रोते जरा नटून आलेत, इतकंच."

सर तरातरा निघाले, तोच नवरीच्या आजीने हात धरून त्यांना नाचायला ओढलं. रेजिनाने डोळ्यांनी खुणावलं आणि वाद्यवृंदाने लय दुप्पट केली.

नाच थांबल्यावर सर धापा टाकत तिच्याजवळ आले.

"शेवटी दोघं बेसूर वाजवत होते," ते कुजबुजले. "पुढच्या लग्नाआधी तालीम घेऊ."