सरांची मुलगी

“शंभरपैकी शंभर. पण साध्या गणितात,” प्रवेश विभागाच्या बाई म्हणाल्या. “प्रगत गणित का नाही घेतलं?”

प्रश्न मुलीला होता. तिने शेजारी बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. ते तिच्याच शाळेत गणित शिकवायचे, सगळे त्यांना सर म्हणत. सकाळपासून चेहऱ्यावर घेऊन फिरत असलेलं हसू सरांनी अजून खाली ठेवलं नव्हतं. एवढे गुण पाहून कोण नाही म्हणणार, याची त्यांना खात्रीच होती.

बाईंनी मग सावकाश समजावलं. शाळेत प्रगत विषय असून मुलाने तो घेतला नाही, तर अवघडाला भ्यालं असंच कॉलेज धरतं. साध्या गणितातल्या शंभरापेक्षा इथे प्रगतमधले सत्तर वर जातात. जागा भरल्या होत्या. नाव यादीत बसत नव्हतं.



“ती नाही हो भ्याली,” सर म्हणाले. “प्रगत गणित शाळेत मी एकटाच शिकवतो. लोक काय म्हणतील म्हणून मीच तिला वर्गात घेतलं नाही.”

शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी चेष्टेने म्हणालं होतं की सरांच्या घरी भाजीच्या आधी पेपर शिजतो. सगळे हसले, सरांच्या मात्र ते जिव्हारी लागलं. मुलीला वर्गात घ्या म्हणून बायकोने परोपरीने विनवलं, पुढे अबोलाही धरला. सर बधले नाहीत. आपल्या सचोटीचा त्यांना मनातून अभिमानच वाटत होता.

“पण पेपर तर बाहेरचे परीक्षकच काढतात आणि तपासतात ना?” बाईंनी विचारलं.



सर हातापाया पडल्यासारखं बोलू लागले. चूक माझी आहे, तिला आत्ता कुठलंही गणित घाला, म्हणाले. बाईंना वाईट वाटलं. इथे परीक्षा घेता येत नाही, एवढंच त्या म्हणाल्या. मग दिलासा द्यावा म्हणून सांगितलं, की सरांच्या प्रगतच्या वर्गातल्या दोन मुलींना कालच प्रवेश मिळाला. दोघींनी तोंड भरून सरांचं नाव काढलं.

बाहेर जिन्याशी आल्यावर सर थांबले. लेकीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

“रागावलीस ना माझ्यावर?”

ती मान हलवून नाही म्हणाली. दोन पायऱ्या उतरली, थांबली.

“त्या दोघींच्या घरचे प्रगत गणित नको म्हणत होते, तर तुम्ही त्यांच्याकडे खेटे घातलेत,” ती हळूच म्हणाली. “मी दुसऱ्या कुणाची मुलगी असते ना बाबा, तर माझ्या वडिलांचीही समजूत घालायला तुम्ही आला असतात.”