बोटीवरचा नवरा

“काकू, जरा बाजूला होता का? खिडकी येत नाहीये फोटोत.”

काकू बाजूला झाल्या. खिडकी त्यांचीच होती, पण ते आता सांगायचं कसं? सकाळी चौकात गाईडने “या काकू, एकट्याच का?” असं तोंडभर हसून विचारलं, तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हा त्या नुसतं “हो” म्हणाल्या आणि घोळक्यात मिसळल्या.

जुनी वस्ती पायी फिरून बघणारा हा घोळका दर रविवारी त्यांच्या घरासमोर थांबायचा. गाईड काहीतरी सांगायचा, बोटं खिडकीकडे वळायची आणि सगळे एकदम गप्प व्हायचे. काकू आत काज-बटणाचं काम घेऊन बसलेल्या असत. बोटं दिसली की संकोचून तावदान ओढून घेत. काय सांगतो मेला, हे विचारायचं तरी कुणाला? समोरच्यांनी घर विकलं, तिथे कॉफीचं दुकान आलं. शेजारी प्रवाशांना द्यायच्या खोल्या झाल्या. तिथे एक चेहरा ओळखीचा होतोय तोवर दुसरा यायचा. म्हणून आज त्यांनी ठेवणीतले कपडे घातले, दाराला कुलूप लावलं आणि स्वतःच चौकात जाऊन उभ्या राहिल्या.

सगळ्यांचे फोटो काढून झाले. गाईडने आवाज खाली आणला.

“या घरात एक आजी राहतात. नवरा बोटीवर होता त्यांचा. लग्नाची नवलाई सरली नव्हती तेवढ्यात तो गेला, तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. तेव्हापासून त्या या खिडकीत बसतात. अख्खी गल्ली रिकामी झाली, पण त्या हलल्या नाहीत. तो आला आणि घर बंद दिसलं तर?”

काकूंची कानशिलं तापली. त्यांचा नवरा वीज कंपनीत वायरमन होता. बोटीचं सोडा, बसच्या मागच्या सीटवर बसला तरी त्याला मळमळायचं. चांगला संसार करून, तापाचं निमित्त होऊन, याच घरात गेला. आणि खिडकीत त्या बसायच्या कारण सुईत दोरा ओवण्याइतका उजेड घरात दुसरीकडे कुठे नव्हता.

“बिचारी,” मागून कुणीतरी म्हणालं. नवं लग्न झालेल्या एका मुलीने आपल्या नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

“तुम्ही विचारलंत का कधी?” काकूंच्या तोंडून निघून गेलं.

“कुणाला?”

“त्या बाईंना.”

गाईड हसला. “काकू, विचारलं की गोष्ट संपते!”

सगळे हसले. काकूही हसल्या, चारचौघांत हसावं तशा.

“आज दिसत नाहीत पण,” गाईड मान उंचावून म्हणाला. “एरवी हटकून असतात. बरं नसेल कदाचित.”

त्या मुलीने तरीही रिकाम्या खिडकीकडे बघून हात हलवला. काकूंचा हात आपसूक वर आला. मग त्यांनी त्याच हाताने केस सारखे केले.

घोळका पुढे सरकला. काकू आपल्या दारावरून, कुलपाकडे न बघता, त्यांच्याबरोबर पुढे गेल्या. नंतरची घरं, कमानी, कोरीव दगड त्यांनी पाहिले की नाही कोण जाणे. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी फेरी संपली. टाळ्या झाल्या, जो तो आपापल्या वाटेला लागला. गाईड छत्री मिटत होता. काकू तिथेच घुटमळत होत्या.

“आवडलं ना, काकू?”

“हो. छान सांगता तुम्ही.” त्या जरा थांबल्या. “तो येतच नाही का हो परत?”

“कोण?”

“बोटीवरचा.”

“तो आला, तर त्या खिडकीकडे बघणार कोण?”

“आणा की एकदा,” काकू म्हणाल्या. “तुमच्या हातात आहे. बाकी कुणाच्या नाही.”

गाईडच्या ओठांवर काहीतरी गमतीचं आलं होतं. काकूंच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ते गिळलं. “बघू,” म्हणाला.

त्या रविवारी काकू मागच्या बोळाने घरी गेल्या.

पुढच्या रविवारी घोळका लवकर आला. काकू अजून भांडी घासत होत्या. बाहेर कुजबुज ऐकू आली तशी त्या ओलं पातेलं हातात घेऊनच खिडकीशी आल्या, तावदान बोटभर उघडलं आणि भिंतीआड उभ्या राहिल्या. बोट, पत्र नाही, निरोप नाही, सगळं तसंच चाललं होतं. मग गाईड थांबला. नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबला.

“आणि परवा,” तो म्हणाला, “तो आला.”

गल्लीत एकदम गलका झाला. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी “खोटं!” म्हणालं. एका पोरीने ओरडून विचारलं, “मग दिसत कसे नाहीत?”

“हळू बोल, बाळा,” गाईड म्हणाला. “इतक्या लांबून आलेत. झोपलेत आत.”

काकूंनी हातातलं पातेलं, जराही आवाज होऊ न देता, खाली ठेवलं.