मी ठणठणीत

“‘आहे’ म्हणणारा प्रत्येक जण बरा असतो असं नाही गं,” आत्या तिला म्हणाल्या होत्या. आत्या म्हणजे टीमच्या प्रमुख. वयाने आणि धाकाने सगळ्यांच्याच आत्या. तिने ते हसण्यावारी नेलं होतं. पाळण्यात लेक, कानाला हेडफोन, समोर कामाचा डोंगर. सुविचारांना वेळ कुणाला होता?

आज ते अंगाशी आलं.

घरूनच ती दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं ॲप सांभाळायची. ॲप एकच, पण त्याच्या प्रती वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालायच्या. टीम त्यांना डबे म्हणे. येणारी गर्दी या डब्यांत वाटून द्यायला दारात एक प्रोग्रॅम बसवलेला, त्याचं नाव दारवान. दारवान प्रत्येक डब्याला सारखं विचारी, “आहेस का?” डबा “आहे” म्हणाला, की गेली माणसं तिकडे. ही विचारपूस तिनेच लिहिलेली.

सकाळपासून एक डबा आतून पार बसला होता. “आहे” मात्र खणखणीत म्हणत होता. आलेल्याला काम न करताच परत धाडायचा, त्यामुळे दारवानाला तोच सगळ्यात मोकळा दिसे आणि आणखी गर्दी त्याच्याच गळ्यात पडे.

“आपल्या ऑफिसात असे दोघेतिघे आहेत,” आत्या फोनवर म्हणाल्या, “पण त्यांना निदान कुणी काम तरी देत नाही!”

“प्रश्नच बदलते, आत्या. नुसतं ‘आहेस का’ नको. एखादी अपॉइंटमेंट शोधून दाखव म्हणते.”

“आत्ता कशी बोललीस!”

नव्या प्रश्नापुढे डब्याची बोलती बंद झाली. दारवानाने त्याला बाजूला काढलं, गर्दी सुरळीत वाटली जाऊ लागली. आणि तिला एकदम कुणीतरी आठवलं.

बाबा.

शहराच्या दुसऱ्या टोकाला बाबा एकटे राहत. रोज सकाळी त्यांना मेसेज जायचा, “बाबा, कसे आहात? चहा झाला का?” पूर्वी उत्तरात अख्खं पुराण यायचं: गुडघा, शेजारी, नळाचं पाणी. लेक झाल्यापासून मात्र एकच ओळ. “मी ठणठणीत. तू बाळाला जप.” तीही लगेच. ओळ दिसली की ती निर्धास्त. त्यात हल्ली लेकीला सर्दी झालेली; भेट नाही, फोनही राहूनच गेलेला.

तिने लिहिलं, “बाबा, तुमच्या चष्म्याचा नंबर काय?”

बोट उचलायच्या आत उत्तर आलं. “मी ठणठणीत. तू बाळाला जप.”

तिने फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. लेकीला दुपट्यात गुंडाळून तिने रिक्षा गाठली. वाटेत ती मनातल्या मनात स्वतःला काय काय बोलली ते तिचं तिलाच ठाऊक.

तिने बेल दाबली, मग दारावर थापा मारल्या. शेवटी कडी वाजली. दारात बाबा, हातात स्क्रूड्रायव्हर, कपाळावर घाम.

“अगं, तू? आणि चिमणीसुद्धा! मागे गॅलरीत हिची बाबागाडी दुरुस्त करत होतो. फोन आत राहिला बघ.”

तिला रडू फुटलं, आणि पाठोपाठ राग. “तो मेसेज! तुम्ही लिहीतच नाही ना तो?”

बाबांनी नातीला उचलून घेतलं. “नाही. फोनला तशी सोय असते, ती लावून ठेवलीय.”

“मशीनला बसवलंत उत्तर द्यायला? स्वतःच्या मुलीला? कधीपासून?”

“ही झाली त्या दिवसापासून.”

“का पण, बाबा?”

बाबा नातीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मग हसले, अगदी मायेने.

“त्या सकाळी आत तुझं ऑपरेशन चाललेलं, तुला पुरती भूल दिलेली. मी बाहेर बाकावर, जीव मुठीत धरून. तेवढ्यात माझा फोन वाजला. तुझाच मेसेज होता, बाळा. ‘बाबा, कसे आहात? चहा झाला का?’”