एक नंबरची वायर

एक नंबरची वायर पुन्हा शेवटच्या इंजेक्टरला लावलेली होती. नेव्हिलने बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं आणि शेडच्या तापलेल्या पत्र्याला टेकून उभा राहिला.

काल दुपारीच त्याने पेट्रोल सोडणाऱ्या चारही इंजेक्टरच्या वायरी काढून नीट लावल्या होत्या. परवाही लावल्या होत्या. सकाळी ग्लेनिस येऊन गेली की सगळं उलटं. एकची चारला, दोनची तीनला.

ग्लेनिस त्याची मोठी बहीण. टेलिफोन खात्यात खांबांवर चढून तारा जोडण्यात तिचं आयुष्य गेलं. वायरींचा हा जुडगाही तिनेच बनवला होता. प्रत्येक टोकाला पांढरी पट्टी, पट्टीवर तिच्या वळणदार अक्षरात आकडा. इंजिन दोघांचं. ब्लॉक एका भंगारातला, हेड दुसऱ्या भंगारातलं, गाडी बापाची जुनी यूट, मागे उघडा हौदा असलेली. सकाळी नेव्हिल धक्क्यावर खेकडे धरायला जायचा, तेव्हा ती येऊन काम करायची. दुपारी ती नातवंडांकडे, तेव्हा तो. दोघांची गाठ पडायची ती रविवारी.

अख्ख्या पोर्ट पिरी गावाची टेलिफोनची जोडणी जिला तोंडपाठ होती, ती बाई चार इंजेक्टर विसरते?

त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी किटली कपड्यांच्या कपाटात सापडली. मग एक दिवस तिने नेव्हिललाच दारात अडवलं. म्हणाली, "गॅसवाले ना तुम्ही? मागच्या दाराने या." तेव्हा दोघं भावंडं पोट धरून हसली होती. पुढे हसण्यासारखं काही उरलं नाही.

शिवाय ते फोन. हल्ली रोज संध्याकाळी. "नेव, आज वार कोणता रे?" कधी, "काल जेवायला काय केलं होतंस?" तो सांगायचा, गुरुवार. सांगायचा, खेकडे. फोन ठेवला की हातातला पाना उगाच फिरवत बसायचा. तिला आता वारसुद्धा कळेनासा झाला.

तो कुणाशी काही बोलला नाही. मुकाट्याने वायरी नीट लावत राहिला. आपण करतोय तोवर तरी तिला कळायला नको.

रविवारी उत्तरेच्या वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता. ग्लेनिस मांस-बटाटा भरलेल्या गरम पॅस्टींची पिशवी घेऊन आली. आज इंजिन सुरू करायचं ठरलं होतं. तिने बॉनेटखाली वाकून पाहिलं. मग नेव्हिलचं लक्ष नाही असं वाटून तिने हळूच एक नंबरची वायर उपटली.

नेव्हिलला राहवलं नाही. त्याने तिचं मनगट धरलं.

"राहू दे, ग्लेन. मी लावतो. रोज मीच लावतो."

"काय लावतोस?"

"तुझं चुकलेलं. मला कळलंय गं. आईचं झालं तसंच... पण तू घाबरू नकोस. मी आहे ना."

ग्लेनिसने मनगट सोडवून घेतलं.

"माझं चुकलेलं? अरे गाढवा, तुझं चुकलेलं मी रोज सकाळी येऊन निस्तरते!"

"माझं काय चुकलंय?"

"एक नंबर कुठाय? दाखव."

नेव्हिलने पंख्याच्या बाजूच्या इंजेक्टरवर बोट ठेवलं. त्याच क्षणी ग्लेनिसने गिअरबॉक्सच्या बाजूच्या इंजेक्टरवर ठेवलं.

दोघांची बोटं तशीच राहिली.

"पंख्याकडून मोजतात," नेव्हिल म्हणाला.

"कोण मोजतं? डेसच्या सगळ्या फ्रेंच गाड्या गिअरबॉक्सकडून मोजायच्या. तीस वर्षं नवऱ्याच्या त्या गाड्या मीच दुरुस्त केल्या."

"आणि ते रोज वार विचारणं?"

"तुझी परीक्षा होती ती! तू रोज बरोबर सांगायचास, म्हणून तर जास्तच भीती वाटायची. म्हटलं, लबाड पाठ करून बसतो."

आधी हसू कुणाला आलं ते कळलं नाही. ग्लेनिस जुन्या टायरवर बसली. हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता तिने नेव्हिलच्या पोटरीवर चापट मारली. नेव्हिलने डोळे पुसले, तर हाताचं ग्रीस गालभर झालं.

मग त्याने आपल्या मोजणीने वायरी लावून चावी फिरवली. इंजिन खाकरलं, धरलं आणि एका लयीत चालायला लागलं. ग्लेनिसने ते बंद करायला लावलं, वायरी आपल्या मोजणीने लावल्या. तरीही ते तसंच, एका लयीत. नेव्हिलने बोटांवर हिशेब केला. एक, तीन, चार, दोन ही इंजिनात पेट्रोल सुटण्याची पाळी. दुसऱ्या टोकाकडून मोजलं तर चार, दोन, एक, तीन; म्हणजे फिरून तीच पाळी येत होती.

"च्यायला," तो म्हणाला, "दोघांचंही बरोबर."

पॅस्टी गार झाल्या होत्या, पण दोघांनी दाराशी उभं राहून हावऱ्यासारख्या खाल्ल्या. तेव्हा कुठे नेव्हिलचं बाहेर लक्ष गेलं. ग्लेनिसच्या गाडीला मागे रिकामा ट्रेलर जोडलेला होता. त्यात दोर आणि जुन्या रजया.

"ट्रेलर कशाला आणलास?"

ग्लेनिसने तोंडातला घास गिळला. "तुझा पलंग न्यायला. माझ्याकडे राहायला नेणार होते तुला."

नेव्हिलने हात पुसले. तिला घरात घेऊन गेला आणि त्याने पुढच्या खोलीचं दार उघडलं. आत खिडकीखाली नवा पलंग मांडलेला होता, आणि तिच्यासाठी आणलेल्या गादीवरचं प्लास्टिक अजून काढायचं होतं.