दुसऱ्या कडव्यानंतरचं हसू

"आता ऐका. दुसऱ्या कडव्यानंतर एक मुलगी खुदकन हसते," रेडिओचा आवाज वाढवत अच्युत म्हणाला.

दर रविवारी दुपारी आम्ही तिघे म्हातारे मित्र त्याच्या गॅलरीत बसून साठच्या दशकातली रॉक आणि सोलची इंग्रजी गाणी ऐकतो आणि त्यांवरून कडाकडा भांडतो. आज हे गाणं बऱ्याच वर्षांनी लागलं होतं. दुसरं कडवं संपलं, ट्रम्पेट वाजले, गायक पुन्हा गाऊ लागला. कुणीही हसलं नाही.

"कसली मुलगी? कान तपासून घे बाबा," विल्फ्रेड म्हणाला.

"रेडिओवाल्यांनी कापलं असणार! माझ्या टेपवर स्पष्ट आहे. कॉलेजात असताना यानंच दिलेली." अच्युतने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी चहाचा कप खाली ठेवला. ती टेप मीच केली होती, घरात सगळ्यांना गप्प बसवून, रेडिओसमोर माइक धरून. माझा ताणलेला चेहरा बघून माझ्या मोठ्या बहिणीला, कुमुदताईला, हसू आवरलं नाही. टेप बिघडवली म्हणून मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही आणि रागाने ती टेपच अच्युतला देऊन टाकली.

पुढच्याच वर्षी ताई गेली. एकोणीस वर्षांची होती. तिचा आवाज कुठेच उरलेला नाही, असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली.

"अच्युत, कुठंय ती टेप?"

"दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात दिली रे," तो म्हणाला. "गाणं काय, आता रेडिओवर लागतंच की."