भोंग्याचा कॉम्प्युटर

"काका, तुमच्या कंपनीचा भोंगा माझ्यापेक्षा वयाने मोठ्या कॉम्प्युटरवर चालतो, हे खरं ना?"

अनुयाने विचारलं आणि खुशाल वालाचं बिरडं भुरकलं. समोर शैलेश साहेब जेवत होते. बाबांच्या तळोज्याच्या केमिकल कंपनीचे मॅनेजर, रविवारचे खास पाहुणे. हे त्यांच्या तोंडावर विचारून दाखव, अशी वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावली होती. गेल्या वर्षीची अनुया असती तर टेबलाखाली लपली असती. यंदाची अनुया दहावीत होती आणि वक्तृत्व स्पर्धेत ढाल जिंकून आली होती. हिला थांबवणार कोण?

आईच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. बाबा घाईघाईने हसले. साहेबांच्याही आधी हसले, हे अनुयाला मुळीच आवडलं नाही.

"मोठा आहे म्हणूनच सेफ आहे, बेटा," साहेब म्हणाले. "त्याच्यासाठी व्हायरस बनवणारी पोरंसुद्धा आता रिटायर झाली असतील."

बाबा पुन्हा हसले. हे कंपनीचे सिस्टिम इन्चार्ज!

तो कॉम्प्युटर अनुयाने पाहिला होता. शाळेची क्षेत्रभेट तिथेच गेली होती. गॅस सुटला तर भोंगा वाजवायचं काम त्याचं. कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात हे कॉम्प्युटर महाराज बसलेले, कपाळाला हळदकुंकू, गळ्यात वाळका झेंडू. पासवर्ड स्क्रीनच्या कडेलाच चिकटवलेला. स्विचवर चिठ्ठी, 'बंद करू नये'. कारण एकदा बंद केला की परत सुरू होईल, याची कुणालाच खात्री नाही. दसऱ्याला अख्खी कंपनी मशीन थांबवून पूजा करते, याची मात्र चालू ठेवूनच. ओवाळायचं भरपूर, अपडेट करायचं नाही. वा! आणि मुली बघत असतानाच स्क्रीनवरचा बाण आपला आपण फिरायला लागला. मुली किंचाळल्या. बाबा कौतुकाने म्हणाले होते, "घाबरू नका गं, आमचा पुण्याचा माणूस आहे. घरी बसून बघतो."

"काका, त्यातली भोकं सगळ्या जगाला माहीत आहेत," अनुया म्हणाली. "ज्यांनी बनवला त्यांनी ती बुजवणं कधीच सोडून दिलंय. आणि तुम्ही त्याला नेट जोडलंय! पुण्याचा माणूस आत येतो तसा दुसराही कुणी येईल. भोंगा बंद करून जाईल. तुम्हाला पत्ताही लागणार नाही."

"मग काय, नवीन घेऊ? ती सगळी यंत्रणा दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालतच नाही."

"नवीन कोण मागतंय? नेटची वायर काढा. एक वायर! आणि पुण्याच्या माणसाला म्हणावं, एसटीने ये."

साहेबांनी ताक मागितलं. एवढ्या मोठ्या माणसाचं उत्तर काय, तर ताक.

ते गेल्यावर आईने सुरुवात केली. "जेवायला आलेल्या माणसाची अशी शोभा करतात?"

"तिला काय कळतंय," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं चाललंय. काही होत नाही."

अनुयाने नाक मुरडलं. बिचारे बाबा. कुंकू लावलं की कॉम्प्युटर सुरक्षित, एवढीच त्यांची झेप. तिने मनातल्या मनात त्यांना माफसुद्धा करून टाकलं, अगदी राणीसारखं, आणि पैज जिंकल्याचं सांगायला दिपाला फोन लावला.

दिपा तिच्याच बाकावर बसायची. तिचं घर तळोज्याला, कंपनीच्या भिंतीला लागून. कंपनी व्हायच्या आधीपासूनचं.

"जिंकलीस गो तू!" दिपा ओरडली. मग जरा थांबली. "पन ती वायर काडतील ना गो? आमी भोंग्याच्या भरवशावर झोपतो. आजीला तर कसलाच वास येत नाय. भोंगा वाजला का तिला उचलायची नि पलायचा, येवढाच आमाला ठाव हाय."

अनुयाने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"ऐकतेस ना? आज राहायला ये ना आमच्याकडं. गणित करू."

अनुयाने फोन ठेवला. "बाबा, आज दिपाकडे राहायला जाऊ?"

"तिकडे नको," बाबा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले. "तिलाच इकडे बोलव."

नेहमीचंच होतं हे. प्रत्येक वेळी दिपाच यायची. अनुयाने कधी कारण विचारलं नव्हतं.

"तिकडे का नको?"

"अगं, झोपायला तिकडे कशाला... कंपनीच्या इतकं जवळ..."

आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि पटकन ताटं उचलायला लागली.

अनुया बघत राहिली. म्हणजे यांना सगळं कळत होतं! दोघांनाही. इतका वेळ ती एका भोळ्या माणसाची कीव करत होती. आणि या भोळ्या माणसाने आपली मुलगी त्या भिंतीपासून बरोब्बर लांब ठेवली होती. दिपाच्या घरचं कुणीही तिथे झोपलं तरी चालत होतं.

ती आत गेली. दप्तरात गणिताचं पुस्तक कोंबलं, वर दोन ड्रेस कोंबले. बाहेर येऊन तिने चपला घातल्या.

"अनुया," बाबा मोबाइल टाकून उठले. "वेडेपणा करू नकोस. तिथे नाही."

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "तुमची ती वायर निघेपर्यंत मी रोज दिपाच्या आजीशेजारी झोपणार आहे."