न उलटलेलं पान

मैना वाचत होती आणि वर्ग गप्प बसून ऐकत होता. तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं. आवाज गोड, म्हणून सगळ्यांची ती मैना. हरवलेल्या छत्रीचा धडा होता. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं कसं चोख.

'आणि छत्री होती दारामागे' इथे पान संपतं. बाईंनी आपल्या हातातलं पान बरोबर त्या शब्दावर उलटलं. मैनेच्या बाकावरून मात्र कागदाची सळसळ आली नाही. ती वाचतच गेली.

बाईंनी मान वर केली. मैनेची नजर पुस्तकावर होती, बोटही ओळीवरून सरकत होतं. पान मात्र मागचंच होतं.

“छान,” म्हणून बाईंनी तिला बसवलं आणि पुढच्या मुलाला उभं केलं. चोरी पोरीची, आणि शरमेनं कान तापले बाईंचे.

वाचनासाठी बाईंचा वर्ग शाळेत नावाजलेला होता. वर्षानुवर्षं हेच पुस्तक शिकवून ते त्यांना तोंडपाठ झालं होतं. गेल्या वर्षी मेंदूच्या दुखण्यानं त्या इस्पितळात पडल्या, तेव्हा घरच्यांनी आशाच सोडली होती. पण बाई चालत-बोलत परत आल्या, हाताची सवयही गेली नव्हती, फळ्यावरचं अक्षर पूर्वीसारखंच मोत्यासारखं. फक्त शिकवायची रीत बदलली. पूर्वी आधी बाई वाचत, मग मुलं. आता फळा भरला की त्या खडू खाली ठेवत आणि म्हणत, “वाचा तुम्ही. माझं काय, जन्मभर वाचून झालंय.” मुलं हसत आणि एकमेकांना वाचून दाखवत. त्यात मैनेसारखीचं फावलं. दुसऱ्याचं ऐकायचं, घोकायचं आणि आपली पाळी आली की म्हणून टाकायचं.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापकांची सूचना फिरत आली. चष्मा वर्गात राहिलाय, म्हणून बाईंनी ती शेजारच्या वर्गाच्या मास्तरांना वाचायला सांगितली. मुख्याध्यापक उद्या प्रत्येक वर्गात येऊन बसणार होते. पुस्तक नवं, कुणीच न पाहिलेलं. आधी शिक्षकांनी एक पान वाचून दाखवायचं, मग एकेका मुलानं. ज्याला वाचता येणार नाही, त्याची रवानगी खालच्या वर्गात.

“तुम्हाला कसली काळजी?” मास्तर हसून म्हणाले. “तुमची पोरं पाण्यासारखी वाचतात.”

बाईंचा चहा तसाच निवला. खालच्या वर्गात मैनेचा धाकटा भाऊ होता. उद्या ती त्याच्या शेजारच्या बाकावर बसणार आणि साऱ्या गल्लीला ते कळणार.

शाळा सुटल्यावर त्यांनी मैनेला थांबवून घेतलं आणि दार लोटलं. काय कळलंय ते त्यांनी शांतपणे सांगितलं. पोरगी रडली नाही. फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत राहिली. काना कळतो, वेलांटी कळते, पण दोन अक्षरं जोडली की सगळं पळून जातं, असं तिनं कसंबसं सांगितलं. आईला वाटतं आपली मुलगी हुशार. आई शेजारपाजारच्यांना बोलावून तिला वाचायला लावते.

“लाज वाटते ना?” बाईंनी विचारलं.

तिनं मान डोलावली.

“वाटते. माहितीये मला,” बाई म्हणाल्या. “माणूस लपवायला लागलं की रोज नवीन काहीतरी लपवावं लागतं. पण मी कुणाला सांगणार नाही. हे आपल्या दोघींत राहील.”

मग त्यांनी कपाटातून वर्गात कधीच न वाचलेलं एक गोष्टींचं पुस्तक काढलं. अंदाजानं बोलता येऊ नये, म्हणून चित्र नसलेलं पान शोधलं. मैनेला जवळ घेतलं, पुस्तक दोघींच्या मध्ये धरलं.

“घाई करू नकोस. अक्षर-अक्षर जोड. चुकलीस तर मी टोकीन.”

बराच वेळ मैनेचं बोट पहिल्याच ओळीवर अडून राहिलं. मग ती हळूहळू सुरू झाली.

“एक... मां... जर... होतं. ते... पत्र्यावर... झो... झोपायचं.”

बाईंनी डोळे मिटून घेतले आणि पुन्हा उघडले. ते अडखळणं ऐकून त्यांना इतकं हायसं वाटलं की पोरीला पोटाशी धरावं. पाठ केलेलं असं अडखळत नाही. ही जोडत होती, खरोखर वाचत होती.

“बरोबर,” त्या म्हणाल्या. “पुढे.”

“एक दिवस... पत्रा... ता... तापला.”

“शाब्बास. बघ, येतंय तुला. उगाच घाबरलीस.” त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. उद्या मैनेला सगळ्यांत आधी उभं करू, म्हणजे तिच्या छातीवरचं ओझं लवकर उतरेल, असंही त्या म्हणाल्या.

मैना पुढे वाचेना. तिनं एकदा पानाकडे पाहिलं, एकदा बाईंच्या डोळ्यांकडे. नाकावर चष्मा होता. मग ती पुस्तक मिटून त्यांना बिलगली.

“बाई, मांजर मी मनानंच सांगितलं,” ती त्यांच्या कानाशी म्हणाली. “मी पण कुणाला सांगणार नाही.”